चिंचोक्यांचा डबा

खोपोलीतल्या शिळफाट्याच्या माझ्या घराच्या गॅलरीत चैत्राचं ऊन दहा वाजताच कठडा ओलांडून आत येतं. त्या सकाळी मी तिथे जुनं वर्तमानपत्र पसरून चिंचोके वाळत घालत होते. चिंच फोडून झाली की निघालेले चिंचोके दोन-तीन पाण्यांनी धुवायचे, सुकवायचे आणि कापडी पिशवीत भरून कर्जतजवळ कशेळ्याला यशवंत ठोंबरे सरांकडे पोचवायचे, हा माझा दर वर्षाचा नेम. धुतलेला चिंचोका तळव्यावर घेतला की आधी त्याचा गारवा जाणवावा, मग गुळगुळीतपणा, आणि रंग सगळ्यात शेवटी दिसावा. हा क्रम मला सरांमुळे लागलेला. खाली महामार्गावर घाटाकडे निघालेले ट्रक गिअर बदलत कण्हत होते. त्या घरघरीत फोन किती वेळ वाजत होता कोण जाणे. फोन कमलचा होता. कमल निरगुडा ही सरांची विद्यार्थिनी आणि अलीकडे त्यांचा वर्ग चालवणारी शिक्षिका, जन्मापासून दृष्टिहीन. "बाई, सर गेले," ती म्हणाली. मग बराच वेळ तिच्या बाजूने फक्त जीपवाल्याची हाक येत राहिली, "कर्जत, कर्जत, कर्जत…" आणि मग, तितकीच महत्त्वाची दुसरी बातमी द्यावी तशी ती म्हणाली, "डबा माज्याकडं हाय."

मी नुसतं "बरं" म्हणाले. रडू आलं नाही. एक जडपणा मात्र खांद्यांवर येऊन बसला आणि आता सहा आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. सरांविषयी लिहा असं मला काहींनी सुचवलं, तेव्हा पहिला विचार आला तो त्या डब्याचा. तो स्टीलचा, झाकण हरवलेला, एका बाजूने चेपलेला डबा समजावून सांगितला तर सर समजतील असं मला वाटतं. पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना दिसत होतं. माझे वडील कशेळ्याच्या शाळेत शिक्षक होते आणि दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी मला सरांच्या टायपिंगच्या वर्गात घातलं. बाजारात खताच्या दुकानावर ती एक लांबट खोली होती. जिन्यातून युरियाचा आणि तागाच्या गोणपाटांचा वास आपल्याबरोबर वर चढायचा आणि दारापाशी तो रिबनच्या शाईच्या, मशीनच्या तेलाच्या वासात मिसळून जायचा. खोलीत सहा मशिनं होती. आपण बसलो की सर खिशातून एक पांढरा, निळ्या काठाचा मोठा रुमाल काढायचे आणि तो आपल्या हातांवर, अक्षरांवर अलगद पसरायचे. "खिडकीबाहेर बघ. भीमाशंकरचा डोंगर दिसतोय ना? तो बघत बस. बोटांना त्यांचं काम करू दे." मी विचारलं, "पण सर, चुकलं तर कळणार कसं?" ते म्हणाले, "आवाजावरून. चुकीच्या अक्षराचा आवाज वेगळा येतो." मला ती थट्टा वाटली होती. महिनाभराने, रुमालाखालच्या काळोखात एक बोट भलतीकडे पडलं आणि कागदाकडे न बघताच मी थबकले, तेव्हा पाठीमागून सरांचं हसणं ऐकू आलं. तहसीलदारांना लिहायच्या नमुना अर्जाऐवजी मी एकदा स्वतःची कविता टंकत होते. सरांनी कागद ओढून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "हे कोणाला पाठवायचंय?" "कोणाला नाही, सर." "मग डावीकडे मार्जिन कशाला सोडलंस एवढं?" … पुढे मी मराठी शिकवू लागले, कविता लिहीत राहिले, समास सोडताना तो प्रश्न आजही हात धरतो.

मधुमेहाने सरांचे डोळे जाऊ लागले ते संध्याकाळपासून. दिवे लागायच्या वेळी सर जिन्याच्या तळाशी ठेवलेल्या वजनकाट्याला अडखळायचे. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही आणि त्यांच्या पत्नी शालिनीवहिनींनी ते कोणाला कळू दिलं नाही. वहिनी वर्ग सुटायच्या वेळी यायच्या आणि त्यांच्या दोन पावलं पुढे चालत अखंड बोलत राहायच्या. "अहो, ही सायकल बघा कोणी मधेच लावलीय… हा खड्डा कधी बुजवणार आहेत हे लोक… शेळ्या बघा कशा पसरल्यात रस्त्यात…" बाजाराला वाटायचं, बाई फार तक्रारखोर आहे. त्या आवाजाची दोरी धरून सर घरी जायचे. चाळिशी उलटेपर्यंत उजेड-काळोख एवढंच उरलं. त्याच सुमाराला टायपिंगची परीक्षाही मशीनवरून संगणकावर गेली आणि खोलीला कुलूप लागलं. मी तेव्हा खोपोलीला राहायला आले होते. सुट्टीत भेटायला जायचे तेव्हा सर ओटीवर बसलेले असायचे आणि त्यांची बोटं मांडीवर काहीतरी टंकत असायची. काय ते मी कधी विचारलं नाही.

मग एका मे महिन्यात सर मुंबईच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले. मी घरात पाऊल टाकताच म्हणाले, "मेधा, तो बोलतो गं!" त्यांना म्हणायचं होतं, संगणक. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. बोट ज्या अक्षरावर पडेल ते अक्षर तो उच्चारतो, ओळ आली की ओळ वाचतो. "घसा बसलेल्या कंडक्टरसारखा बोलतो, पण बोलतो." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी पुष्कळ दिवस शब्द शोधले, आता शोधत नाही. कळंबच्या एका रिसॉर्टने टाकायला काढलेले तीन संगणक मिळाले. सरांनी दोहोंचे पडदे परत पाठवले. "जागा अडवतात," म्हणाले. तिसरा ठेवला, कोपऱ्यात, आणि त्यावर तोच निळ्या काठाचा रुमाल टाकला. वहिनींनी आपल्या टिकल्यांच्या पाकिटातल्या जाड टिकल्या अक्षरांवर खुणेसाठी चिकटवल्या. खताच्या दुकानावरची खोली पुन्हा उघडली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी. कमल आली ती त्या पहिल्या वर्षात. तिची आई डोंगरातल्या वाडीवरून रानभाजी विकायला कशेळ्याला उतरायची. एके दिवशी भाजीच्या पाटीबरोबर मुलीलाही जिन्यावरून वर घेऊन आली. "हिला बशीवता का? निवासी शाळंतून धावी झालीया. घरात नुस्ती बसून ऱ्हाते." कमलने टेबलावर हात फिरवला, टिकली बोटाखाली आली, आणि ती म्हणाली, "हे कोनाच्या कपाळावरचं काढलंव?" सर इतके हसले की खालून दुकानदार बघायला आला.

शिकणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते शिकून झाल्यावर. बसचा पास, शिष्यवृत्ती, दाखला, नोकरीचा अर्ज, सगळं संगणकावर आलं होतं आणि ते उघडलं की तो घसा बसलेला आवाज म्हणायचा, "बटण. बटण. बटण. बटण." बनवणाऱ्याने बटणाला आतून नावच दिलेलं नसायचं. डोळ्यांना त्यावरचं चित्र दिसतं, कानांना नुसतं बटण. आणि सगळे रकाने भरून झाले की शेवटी यायचं ते वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. समोर यंत्र नसून माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून त्यातली अक्षरं वाचून लिहायची असतात. सरांनी हे समजावलं तेव्हा कमल म्हणाली, "म्हंजी आमी यंत्र का?" चित्राशेजारी कर्ण्याची खूण असते, ती दाबली की अक्षरं ऐकू यावीत असा नियम. बहुतेक ठिकाणी ती दाबली की काहीच होत नसे. अशा वेळी कोपऱ्यातला पडदा जोडायचा, रुमाल उचलायचा आणि कोणातरी डोळस माणसाला बोलवायचं. खालचा दुकानदार, वहिनी, सुट्टीत गेलेली मी.

डबा सुरू झाला तो इथून. सर म्हणाले, रुमाल उचलावा लागला की दर वेळी एक चिंचोका डब्यात टाकायचा. टाकायचा तोही ज्याने डोळे दिले त्याने, म्हणजे त्यालाही आवाज ऐकू जावा. रिकाम्या डब्यात पहिला चिंचोका पडला की खणखणीत आवाज यायचा. महिनाअखेरीस तो बद्द होत जायचा. मग सर सतरंजीवर डबा उपडा करून बोटांनी मोजायचे आणि जो आकडा येईल तो घालून संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचे. पत्रं ते स्वतः टंकत. भाषा तेवढी मी बघायची. सुरुवातीला मी त्या पत्रांत माझा जीव ओतला. अंधार, उंबरठा, बंद दार… सरांनी ऐकून घेतलं आणि सगळं काढायला लावलं. "बाई, तुझं दार फार सुंदर आहे. पण त्यांना कळायला हवं की पान तिसरं, बटण सातवं, नाव नाही. आणि या महिन्यात रुमाल एवढ्या वेळा उचलला. बस." मी दुखावले होते. एवढी मोकळी, बिनअलंकारांची भाषा लिहायला मला फार वर्षं लागली.

उत्तरं यायची. "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे." एकदा मोठं, सविस्तर उत्तर आलं. सरांनी उत्साहाने फाइल उघडली आणि आवाज म्हणाला, "चित्र." सहीशिक्क्याचा कागद यंत्रातून काढून त्याचं नुसतं छायाचित्र पाठवलेलं होतं, त्यातला एक शब्द वाचला जाईना. सरांनी मला फोन केला, मी रविवारी दोन गाड्या बदलून गेले, रुमाल उचलला. चित्ररूप मजकूर दृष्टिहीनांना वाचता येत नाही, याची गंभीर दखल घेण्यात आली आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. मी वाचत होते आणि सर हसत होते, वहिनी हसत होत्या, आणि हसता हसता सरांनी हात पुढे करून डबा माझ्याकडे सरकवला. मी चिंचोका टाकला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आणि मग तो दिवस. तो टाळून सरांविषयी लिहिणं अप्रामाणिक होईल. जिल्ह्याच्या एका कार्यालयात लिपिकाची एक जागा निघाली, दृष्टिहीनांसाठी राखीव. कमल तेव्हा सव्वीस वर्षांची होती, तिची बोटं आमच्या सगळ्यांपेक्षा वेगवान होती, आणि घरात दोघी बहिणींची लग्नं झाल्यावर पाटी उचलायला आईबरोबर तीच उरली होती. अर्जाची मुदत संध्याकाळी सहापर्यंत. आदल्या चार दिवसांत ते पान उघडतच नव्हतं. त्या दिवशी दुपारी उघडलं. मी कशेळ्यातच होते. कमलने दोन तास बसून सगळी पानं एकटीने भरली, बिननावाची बटणं मोजून मोजून, "पयलं… दुसरं… हे नाय… हे." पाच वाजून गेले होते. शेवटचं पान आलं आणि त्यावर ते वाकड्या अक्षरांचं चित्र. कमलने कर्ण्याची खूण दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. सरांनी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस सौम्यपणे म्हणाला, "जवळ कोणी डोळस व्यक्ती आहे का? त्यांना वाचायला सांगा ना."

मी उठले आणि कोपऱ्याकडे गेले. रुमालाला हात लावला, तोच सर म्हणाले, "मेधा, बांगडी वाजली तुझी. हात खाली घे."

"सर, पाच अक्षरं आहेत फक्त."

"पाच अक्षरांसाठीच इतकी वर्षं पत्रं लिहितोय ना? आज तू वाचशील, उद्या कोण वाचणार? ती तिकडे नोकरीला बसल्यावर रोज कोणाला हाका मारणार?" मग फोनमध्ये, "मला तुमच्या साहेबांशी बोलायचंय. हा अर्ज हिला एकटीला भरता येत नाही, हे मला लेखी द्या."

कमलची दहाही बोटं अक्षरांवर आपापल्या जागी ठेवलेली होती, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि ती हलत नव्हती. मला ती बोटं दिसत होती, सरांना नाही. आणि मी, त्या वेळी पन्नाशीला टेकलेली, महाविद्यालयात शिकवणारी बाई, सोळा वर्षांच्या मुलीसारखी हात खाली घेऊन उभी राहिले. खाली जीपवाला ओरडत होता. फोनमध्ये वाट बघण्याचं संगीत वाजत होतं, गोड, न संपणारं. मग संगणक म्हणाला, "आपल्या सत्राची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा."

फोन सरांच्या हातून खाली आला. "वाच," ते म्हणाले. "मेधा, वाच गं, काय असेल ते वाच, लवकर." आता वाचायला काही नव्हतं. मी रुमाल फेकून दिला, वहिनी धावत आल्या, मी रकाने सांगू लागले आणि कमल टंकू लागली, पहिल्या पानापासून. सहा वाजले तेव्हा दोन पानं उरली होती. कमलने खुर्ची मागे घेतली, चप्पल पायांनी चाचपली. दारात थांबून ती एवढंच म्हणाली, "सर, मला इचारलं असतंव तर?" आणि जिना उतरून गेली. शेवटची जीप गच्च भरली होती. तिला कोणीतरी आत ओढून घेतल्याचा आवाज आम्ही वरून ऐकला. ती जागा पुन्हा निघाली नाही.

त्या दिवशी डब्यात चिंचोका पडला नाही. रुमाल उचलला गेला तो उशिरा, आणि त्याची मोजणी करायचं भान कोणाला होतं? त्या महिन्याचं पत्र सरांनी मला न दाखवता पाठवलं. पुढे वहिनींनी त्याची प्रत दिली. त्यात तीनच वाक्यं आहेत. "या महिन्यात एका अर्जासाठी मी डोळ्यांची मदत नाकारली. त्यामुळे ज्या मुलीचा तो अर्ज होता तिची संधी गेली. यात आपला दोष आहे आणि माझाही."

कमल आठ महिने वर्गाकडे फिरकली नाही. शेवटी सर म्हणाले, वाडीवर जायचंय. रस्ता संपल्यावर तासाभराचा चढ आहे. भात कापून झालेलं, पायवाटेवर तुसाचा कोरडा वास, आणि पुढे वहिनी बोलत चाललेल्या, "अहो, इथे दगड बघा कसले… इथून ओढा आहे हो, पाणी नाही म्हणा…" सरांचा हात त्यांच्या खांद्यावर, मी मागे. कमल अंगणात नाचणी पाखडत बसली होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "वयनी, हळू आना त्यांना. फुडं खड्डा हाय." पावलांवरून तिने तिघांनाही ओळखलं होतं.

सर उभ्यानेच बोलले. "कमल, त्या दिवशी मी तुला विचारलं नाही."

"येवढा चढ चढून हेच सांगाया आलाव?"

"हो."

"फोन नव्हता का?"

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

सूप थांबलं. "मंग आदी पानी प्या. दम लागलाय तुमाला, पार छातीतनं आवाज येतोय." तिने आत जाऊन तांब्या आणला. सरांचं पाणी पिऊन झाल्यावर तिने तांब्या परत घेतला. मग म्हणाली, "सर, तुमचं खरं हाय. रोज कोनाकोनाला बोलावनार? पन अर्ज माजा व्हता."

"तुझा होता."

"मंग डोळे मागायचे का नाय, ते मी ठरवीन. दुसऱ्याचा अर्ज असंल तवा तो ठरवंल. तुमी नाय, बाई बी नाय. ह्ये चालत असंल तर सोमवारी येते."

"चालेल."

"आनि डबा ऱ्हाऊ द्या. डबा चांगला हाय."

तेव्हापासून वर्गात एकच पद्धत राहिली. डोळस माणसाने रुमालाला हात लावण्याआधी विचारायचं, "वाचू का?" आणि ज्याचा अर्ज त्याने सांगेपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार कठीण असतं. समोर पाच अक्षरं लख्ख दिसत असतात आणि आपल्याला गप्प बसावं लागतं… माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब मौनं त्या खोलीत गेली आहेत. कधी उत्तर "वाचा" असायचं, कधी "थांबा, मी फोन लावते", आणि एकदोनदा "नको, उद्या बघीन." कमल शिकवू लागली. सर तिच्या शेजारी बसायचे आणि चुकीच्या अक्षराच्या आवाजाला मान हलवायचे.

काय साधलं, असं मला कोणी विचारलं तर मी थकून जाते. एका संकेतस्थळाची बटणं खरोखरच बोलू लागली होती. सरांनी त्या दिवशी पेढे वाटले. वर्षभराने त्या पानांना नवं रूप आलं आणि बटणं पुन्हा मुकी झाली. सर पुन्हा 'पान पहिलं'पासून लिहायला बसले. साहेब बदलायचे, पत्त्यावरचं पदनाम बदलायचं, चिंचोके तेच राहायचे. त्यांच्या आवाजात कडवटपणा आलेला मी ऐकला नाही, पण दोन वाक्यांमधली शांतता लांबत गेलेली ऐकली. मधुमेहाने डोळ्यांनंतर मूत्रपिंडांचा ताबा घेतला तेव्हा त्या शांततेला एक निमित्त मिळालं, इतकंच. आम्ही सगळे तिला आजार म्हणू लागलो.

शेवटची भेट खोपोलीच्या इस्पितळात झाली. परिचारिकेने सहीसाठी एक छापील कागद आणला आणि तो वहिनींपुढे धरला. सर पडल्या पडल्या म्हणाले, "मेधा, काय लिहिलंय त्यात?" मी सवयीने विचारलं, "वाचू का?" ते किंचित हसले. "वाच." मी बारीक टायपातला तो कागद शेवटापर्यंत वाचला. वाचून झाल्यावर सरांनी उशाजवळच्या स्टीलच्या पेल्यावर नखाने एकदा वाजवलं. टण्ण. परिचारिकेला वाटलं, त्यांना पाणी हवंय.

गेल्या रविवारी मी कशेळ्याला गेले, चिंचोक्यांची पिशवी घेऊन. ती कोणाला द्यायची हे न ठरवताच मी कर्जतहून गाडीत बसले होते. खोलीत कमल आणि वहिनी होत्या. वर्गाचं विजेचं मीटर सरांच्या नावावर आहे; ते वहिनींच्या नावावर करायचं, तर सरांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी, आणि तिचा अर्ज संगणकावर. कमल तो भरत होती. मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. "मृत व्यक्तीचे नाव. रकाना रिकामा," तो घसा बसलेला आवाज म्हणाला. कमलची बोटं चालू लागली आणि आवाज एकेक अक्षर उच्चारत गेला. य… श… वं… त. वहिनींनी पदर तोंडाशी घेतला. कमल थांबली नाही. तारीख, वार, ठिकाण. बटण. बटण. आणि शेवटच्या पानावर ती आली, वाकडी अक्षरं.

कमलने कर्ण्याची खूण दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मी उठून रुमालापाशी गेले, पण हात लावला नाही. "कमल, वाचू का?"

खालून जीपवाल्याची हाक, खताचा वास. मी उभी होते.

"वयनी," कमल म्हणाली, "अर्ज तुमचा हाय. तुमी सांगा."

वहिनींना हे अपेक्षित नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी न विचारता वाट सांगितली त्या बाईला कोणीतरी विचारत होतं. त्यांनी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाच बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना आता किती ताटकळत ठेवायचं?"

मी रुमाल उचलला. पाच अक्षरं वाचली. कमलने ती टंकली आणि आवाज म्हणाला, "अर्ज यशस्वीपणे दाखल झाला आहे." मग तिने पायाशी ठेवलेला डबा टेबलावर घेतला आणि माझ्या दिशेने सरकवला. पिशवीतून मी एक चिंचोका काढला, यंदाचा, अजून उन्हाचा कोरडा वास असलेला, आणि टाकला. आवाज जवळजवळ आलाच नाही. सर इस्पितळात गेल्यापासून कोणी मोजणी केली नव्हती. डबा काठापर्यंत भरला होता.

कमलने सतरंजीवर तो उपडा केला आणि मांडी घालून बसली. दोन बोटांनी एकेक चिंचोका डावीकडे सारत ती मोजू लागली, सर मोजायचे तशी, ओठांतल्या ओठांत. सत्तेचाळीसपर्यंत मी ऐकलं. तेवढ्यात खाली जीपवाल्याने हॉर्न दाबून धरला आणि तिचा आकडा चुकला. ती क्षणभर तशीच बसून राहिली, तळवे चिंचोक्यांवर ठेवून. मग दोन्ही हातांनी तिने ते सगळे परत एका ठिकाणी लोटले, आणि म्हणाली, "एक."